हालिमूसची नोंदवही

मंगळवार, २६ सप्टेंबर २००६, हॅरो

नीनाने आजपासून मला घराबाहेर काढलं. दर मंगळवारी, सकाळी दहा ते बारा. रिटायर झाल्यापासून मी तिच्या मसाल्याच्या बाटल्यांवर एक्स्पायरी डेटची लेबलं लावतो, त्याचा तिला त्रास होतो म्हणे. छत्तीस वर्षं लीड्सच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट होतो, सवय जाते होय? तर बाईसाहेबांनी परस्पर ॲडल्ट एज्युकेशनच्या क्लासला माझं नाव घातलं. योगाला जागा नव्हती, म्हणून प्राचीन ग्रीस.

क्लासमध्ये आम्ही नऊ जण, बहुतेक सगळे असेच घरातून काढलेले. शिकवणारी हिलरी, साठीची, बारीक, खडूची पावडर कार्डिगनवर. ती म्हणाली, देवळं आणि लढाया विसरा. दोन टर्म आपण फक्त डीम बघणार. अथेन्सच्या राज्याचे एकशे एकोणचाळीस लहान लहान भाग होते, कुठे गाव, कुठे वाडी, कुठे शहरातली आळी. त्यातल्या प्रत्येकाला डीम म्हणायचे. प्रत्येकाने एक डीम निवडून अभ्यास करायचा. चांगली चांगली नावं लोकांनी पटापट उचलली. मी चष्मा पुसत होतो. माझ्या वाट्याला उरलं हालिमूस. समुद्रकाठी, जेमतेम सत्तर-ऐंशी मतदार पुरुष. घरी आल्यावर नीनाने विचारलं, काय मिळालं? म्हटलं, एक खेडं मिळालं. ती म्हणाली, बरं झालं, जा तिकडे राहायला.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आज अंगावर काटा आला, अगदी खरा, हाताचे केस उभे राहिले.

हिलरीने बोर्डावर एका अथेन्सकराचं नाव लिहिलं. तीन भाग. पहिलं त्याचं स्वतःचं, दुसरं बापाचं, तिसरं डीमचं. मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि उठून बोर्डापाशीच गेलो. खाली लिहिलं: शशिकांत, विष्णू, आडिवळकर. पहिलं माझं, दुसरं बापाचं, तिसरं गावाचं. हिलरी खडू हातात धरून बघतच राहिली. अडीच हजार वर्षं आणि तीन हजार मैल मध्ये, आणि त्या माणसाची आणि माझी ओळख सांगायची पद्धत एकच!

पुढे ती म्हणाली, एकदा डीम ठरला की ठरला. पणतू शहरात राहायला गेला, सात पिढ्या तिकडे काढल्या, तरी तो त्या डीमचाच. मी आडिवळला आयुष्यात एकदा गेलोय. सदुसष्ट साली, इकडे यायच्या आधी, कुलदैवताला नारळ द्यायला. दोन तास होतो आणि त्यातला एक तास एसटीची वाट बघण्यात गेला. तरी रोज कुणा ना कुणाला फोनवर एकेक अक्षर करून त्या गावाचं स्पेलिंग सांगत असतो. हे कोण करायला लावतं मला? विचार करत राहिलो आणि बसस्टॉप चुकलो.

आणि कहर म्हणजे नोंदवही! मुलगा अठरा वर्षांचा झाला की बाप त्याला डीमच्या सभेत न्यायचा. सगळे शपथ घेऊन मत द्यायचे, हा आपला का नाही. मग डीमार्क, म्हणजे डीमचा मुखिया, त्याचं नाव वहीत लिहायचा. आता मी कोण आहे? आडिवळकर कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा यूके संकलक. आमच्या कुळातल्या सगळ्या शाखा, सगळे जन्म, सगळी लग्नं, प्रत्येक पुरुषाला पिढीवार क्रमांक, असं ते जाडजूड पुस्तक. पुण्याचे ज्ञानेश्वरराव त्याचे मुख्य संपादक. हॅरो, वेम्बली, लीड्स, घरोघरी चहा पिऊन मी सात वर्षांत एकेचाळीस फॉर्म भरून आणलेत. हिलरीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुम्ही डीमार्कच. छाती दोन इंच फुगली.

शनिवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. अपूर्व आणि चैत्राली वेम्बलीहून आले होते. अपूर्व आमचा एकुलता एक, लीड्सला जन्मलेला. चैत्राली नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये इकडे आली आणि इथेच राहिली. त्यांना मूल नाही. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं, त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. जुलैमध्ये कौन्सिलने, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीने, त्यांना मूल दत्तक घ्यायची मंजुरी दिली होती.

आज चैत्रालीने पर्समधून फोटो काढला. मुलगी. साडेतीन वर्षांची. नाव जेमा. आई इंडियन होती, बापाचा पत्ता नाही. सध्या तात्पुरतं सांभाळणाऱ्या एका फॉस्टर बाईकडे आहे. फोटोत लाल गमबूट घालून चिखलात उभी आहे आणि फोटो काढणाऱ्यावर रागावलेली आहे. नीना फोटो छातीशी धरून रडली. मी म्हणालो, छान आहे.

खरं मनात काय आलं ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. मनात आलं, ही आडिवळकर कशी? आणि जेमा काय नाव आहे? बारशाला बदलता येईल म्हटलं, तर अपूर्व म्हणाला, नाही बाबा, नाव तिचा आहे, आपण बदलायचा नाही. पस्तिशीचा झाला तरी ह्याला नाव कुठल्या लिंगात ते कळत नाही. मी ते सुधारून दिलं. त्यानंतर चैत्रालीने फोटो परत पर्समध्ये ठेवला. चिवडा मात्र उत्तम झाला होता.

सोमवार, ६ नोव्हेंबर

पुण्याला ईमेल केला. दत्तक मुलीची नोंद कशी करायची? नियम काय? कामात कसर नको.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

ज्ञानेश्वररावांचं उत्तर. मुद्देसूद माणूस. दत्तक मूल आपल्याच कुळातलं असेल तर रीतसर क्रमांक. कुळाबाहेरचं असेल तर क्रमांक नाही, पालकांच्या नोंदीखाली तळटीप. वर लिहिलंय, 'आपल्याला कोणाशी वैर नाही, पण एकदा दार उघडलं तर कुळाला अर्थ काय राहिला?' पटण्यासारखं आहे. मला तर वाटलं होतं, सरळ नाही म्हणतील. तळटीप म्हणजे खूपच झालं.

रविवार, १९ नोव्हेंबर

मुलं जेवायला आली होती. वांग्याचं भरीत, भाकरी. मी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं की पुण्याशी बोलून मी जेमाची व्यवस्था केली आहे, तिला तळटीप मिळणार. ईमेल प्रिंट करून ठेवला होता, तो वाचूनही दाखवला. चैत्राली आभार मानेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, माझं नाव कुठे असतं त्यात? मी जुनी आवृत्ती उघडून दाखवलं, हे बघ, नवऱ्याच्या नोंदीत कंसामध्ये, माहेरच्या नावासकट. तिने ताट सिंकमध्ये ठेवलं आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. अपूर्वही गेला.

नीना भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा. मी विचारलं, भरताला मीठ जास्त झालं होतं का? ती म्हणाली, अहो, तुम्ही वर जा.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

आज सोशल वर्कर आली होती, शिल्पा नावाची, इथेच जन्मलेली गुजराती मुलगी. मुलीला ह्या घरात द्यायचं का, हे कौन्सिलचं पॅनल ठरवणार, त्याच्या आधी आजी-आजोबांशी बोलायची पद्धत आहे. मी टाय लावला होता. तिने विचारलं, जेमाची ओळख नातेवाइकांना कशी करून द्याल? मी म्हणालो, माझ्या मुलाने आणि सुनेने सांभाळायला घेतलेली मुलगी. खोटं कशाला बोला? मग कुलवृत्तांत काढला, शाखा, क्रमांक, तळटीप, सगळं सविस्तर समजावलं. पाऊण तास. ती भराभर लिहीत होती, दोन पानं भरली. इतकं लक्ष देऊन आजवर माझं कुणी ऐकलेलं नाही. नीना चहा घेऊन आली तेव्हा निम्मा चहा बशीत सांडला होता. थंडी फार आहे.

शुक्रवार, १५ डिसेंबर

पॅनलने निर्णय पुढे ढकलला. कारण लिहून दिलंय: घरातल्या वडीलधाऱ्यांचा स्वीकार कितपत आहे याबद्दल शंका.

अपूर्वचा फोन आला. बाबा, तुम्ही तिला काय सांगितला? म्हटलं, जे आहे ते. तो इंग्रजीत म्हणाला, दुसरं कुटुंबही रांगेत आहे, ती जाईल तिकडे. आणि फोन ठेवला.

वडीलधारे म्हणजे नीना आणि मी. नीनाबद्दल कुणाला शंका येणार?

सोमवार, २५ डिसेंबर

मुलं आली नाहीत.

मंगळवार, १६ जानेवारी २००७

क्लासची सहल, ब्रिटिश म्युझियमला. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये माझ्या शेजारी स्टेफान बसला होता. ब्याऐंशी वर्षांचा पोलिश म्हातारा, लढाईनंतर इकडे आला, तीस वर्षं बस चालवली. इंग्रजी अजून असं बोलतो की तोंडात बटाटा आहे. त्याने विचारलं, नातवंडं किती? मी म्हटलं, चाललंय. काय उत्तर हे!

आत थडग्याच्या एका दगडापाशी हिलरी थांबली. वर फक्त नाव, बापाचं नाव, डीमचं नाव. बाकी काही नाही. ना पराक्रम, ना हुद्दा. गाव कधीच बुडालं, देव गेले, तो ज्या भाषेत बोलायचा ती तशी आता कुणी बोलत नाही. पण एका कारागिराने पंधरा-वीस अक्षरं कोरली, तेवढ्यावर तो माणूस अजून उभा आहे आणि हॅरोचे नऊ पेन्शनर त्याचं नाव मोठ्याने वाचतायत. मी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्युझियममध्ये रडणारा मी पहिलाच फार्मसिस्ट असेन. दगडाला हात लावायचा फार मोह झाला, पण पाटी होती.

मग हिलरी सहज म्हणाली, ह्याच्या बायकोचं, मुलींचं नाव मात्र त्या नोंदवहीत कधीच नव्हतं. बायकांची नावं लिहीतच नसत. मला का कोण जाणे, कंस आठवला.

मंगळवार, ३० जानेवारी

आज माझ्या हालिमूसचा दिवस होता. नीट लिहून ठेवतो, कारण मला अजून शांत वाटत नाहीये.

इसवी सनापूर्वी तीनशे शेहेचाळीस. अथेन्सने हुकूम काढला की प्रत्येक डीमने आपली नोंदवही तपासायची. एकेक नाव पुकारायचं आणि मत घ्यायचं, हा खरा आपला का घुसलेला. हालिमूसमध्ये एका माणसाचं नाव आलं. त्याच्या बापाचे उच्चार परक्यासारखे होते, कारण तो लढाईत पकडला जाऊन परदेशात विकला गेला होता आणि कित्येक वर्षांनी परत आला होता. आई बाजारात रिबिनी विकायची, दुसऱ्यांच्या पोरांना अंगावर पाजायची. एवढ्यावरून संशय. बरीचशी मंडळी घरी निघून गेल्यावर मत घेतलं आणि त्याचं नाव काढून टाकलं. तो कोर्टात गेला. तिथलं त्याचं भाषण टिकून राहिलंय, म्हणून आपल्याला हे ठाऊक.

हिलरी म्हणाली, आपण सभा भरवू. स्टेफान तो माणूस झाला, मी डीमार्क. मतांसाठी मीच ईलिंग रोडवरून चणे आणले होते. पांढरा म्हणजे ठेवा, काळा म्हणजे काढा.

मी दहा मिनिटं बोललो. काय बोललो! म्हणालो, ह्या गृहस्थाशी आपलं वैर नाही. पण एकदा दार उघडलं तर डीमला अर्थ काय राहिला? आणि बापाचे उच्चार ऐकलेत ना तुम्ही? लोक हसले. मी स्टेफानच्या बोलण्याची थोडी नक्कलही केली, लोक आणखी हसले, स्टेफानसुद्धा हसला.

मग तो उठला. त्याने कागद बघितला नाही. म्हणाला, माझ्या आधी माझ्या आईबापांची चार मुलं गेली. लहान होती. बापाने त्यांना आपल्या पूर्वजांच्या कबरीत पुरलं. तुम्ही सगळे तिथे होतात. तेव्हा कुणी म्हणालं नाही की ही आमची नाहीत. आणि खाली बसला.

आठ जणांनी मतं दिली. काळे पाच, पांढरे तीन. मी काळा टाकला होता. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग हिलरीने सांगितलं की कोर्टात तो माणूस हरला असेल तर त्याला गुलाम म्हणून विकलं असणार. हरला का जिंकला, ते कुणालाच माहीत नाही. भाषण उरलं, निकाल उरला नाही. पाच जणांनी एका माणसाला विकून टाकलं होतं, हातात साधे चणे घेऊन, कॉफीच्या सुट्टीआधी.

स्टेफानने कोट घालताना माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, फार चांगला बोललास. मला एकोणीसशे सत्तेचाळीसचं लेबर ऑफिस आठवलं, नोकरी मागायला गेलो तेव्हा तिथले साहेब अगदी असेच बोलायचे. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

बसमध्ये बसलो आणि लक्षात आलं की मी जी वाक्यं बोललो ती माझी नव्हतीच. पुण्याच्या ईमेलमधली होती. मी फक्त त्यांचं इंग्रजी केलं होतं.

आणि ती चार मुलं. आमच्या घरातली तीन कुठे आहेत? त्यांची नोंद मी कुठल्या रकान्यात केली? चैत्राली तीनदा हॉस्पिटलमधून घरी आली आणि तीनही वेळा मी तिला आयर्नच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

तीन दिवस पॅनलला पत्र लिहीत होतो. सात मसुदे फाडले. शेवटी एवढंच राहिलं: मी जे बोललो ते चूक होतं. ही मुलगी माझी नात आहे असं मी कुणाहीसमोर शपथेवर सांगेन, पॅनलसमोर, नातेवाइकांसमोर, कोर्टासमोर.

स्वतः वेम्बलीला जाऊन अपूर्वच्या हातात दिलं. चैत्राली वरच होती, खाली आली नाही. अपूर्वने दारातच पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, बघतो बाबा. त्याने मला आत बोलावलं नाही, घाईत असावा.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पुण्याला कळवलं. जेमाला अपूर्वच्या खाली क्रमांक द्या, इतर कुणालाही देता तसा. जमत नसेल तर आमचीही नावं काढा. बटण दाबलं. सात वर्षं, एकेचाळीस फॉर्म. नीनाला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल.

मंगळवार, २० फेब्रुवारी

उत्तर आलं. 'आपल्या इच्छेनुसार आपली व चि. अपूर्व यांची नोंद वगळण्यात येत आहे. विष्णू शाखा विष्णूपाशी थांबेल. संकलनाचे कागद कृपया लीड्सच्या उल्हासरावांकडे सुपूर्द करावेत.'

म्हणजे छापील पुस्तकात माझा बाप असेल, आणि तो निपुत्रिक असेल. मी जन्मलोच नाही. खुर्चीत बसलो होतो, चहा पीत होतो आणि नव्हतो. गंमत अशी की क्लासला गेलो तर हिलरीने मला आजही डीमार्क म्हणूनच हाक मारली.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

पॅनलने मंजुरी दिली! जेमा येणार! फोन नीनाने घेतला, ती किचनमध्येच खाली बसली. मी तिच्याजवळ बसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं कधी लादीवर बसलो नव्हतो.

माझं पत्र कामाला आलं. मोठेपणा म्हणून लिहीत नाही, पण सात मसुद्यांनंतर वजन येतंच.

रविवार, ११ मार्च

चैत्राली जेमासाठी एक पुस्तक बनवतेय. अशी पद्धत आहे. मूल घरी येण्याआधी काही आठवडे त्याच्याकडे फोटोंचं पुस्तक पाठवतात. ही आई, हा बाबा, ही तुझी खोली, ही आजी. मूल रोज बघतं, म्हणजे भेटतात तेव्हा माणसं अनोळखी वाटत नाहीत. किती सुंदर कल्पना! मोठ्या माणसांनी मुलाला नाही, मुलाने मोठ्या माणसांना नोंदवून घ्यायचं.

अपूर्व नीनाचा फोटो काढायला आला होता, बागेत, गुलाबाजवळ. मी दाढी करून, टाय लावून खाली येईपर्यंत तो गेलाही होता. नीना म्हणाली, तुमचे आहेत की त्यांच्याकडे ढीगभर. आणि झाडांना पाणी घालायला गेली. सकाळी पाऊस पडून गेला होता. कुठला फोटो घेतला असेल? डेल्सच्या सहलीतला हसरा असेल तर बरं, पासपोर्टचा नको.

मंगळवार, ३ एप्रिल

जेमा आज वेम्बलीला राहायला आली. पहिले काही दिवस फक्त आईबाप, शिल्पाचा नियम. बरोबर आहे.

शनिवार, १४ एप्रिल

नीना जाऊन आली. मला म्हणाली, एकेकाने जायचंय. आल्यावर खूप वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, सांगता येत नाही असं. एवढंच म्हणाली, अहो, ती हात धरून जिना चढते. मी वीस वेळा विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का? तर म्हणे, हळूहळू.

गुरुवार, १९ एप्रिल

पुण्याहून ज्ञानेश्वररावांच्या पत्नीचा नीनाला फोन आला होता म्हणे, तब्येत विचारायला. त्यानंतर नीनाने मला न मागता दुसरा चहा दिला, आलं घालून. बशीत दोन बिस्किटं. काहीतरी बिघडलंय खास.

संध्याकाळी चैत्रालीचा फोन, थेट माझ्या मोबाइलवर. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. म्हणाली, बाबा, पुण्याचं मला आईंकडून कळलं. तुम्ही सांगितलं का नाही? मी काय सांगणार? म्हटलं, फॉर्मचं काम होतं. ती म्हणाली, शनिवारी या. तुम्ही पण या.

शनिवार, २१ एप्रिल

आजचं आजच लिहून टाकतो.

आम्ही दोघं मेट्रोपॉलिटनने वेम्बली पार्कला उतरून चालत गेलो. मी टाय लावला, काढला, पुन्हा लावला. चैत्रालीने दार उघडलं. तिच्या मांडीला टेकून जेमा उभी होती. फोटोतल्यापेक्षा खूप लहान. फोटोत माणूस केवढं आहे ते कळतच नाही. जेमतेम माझ्या कमरेला लागेल एवढी. काळे डोळे, कपाळावर आठी आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं ते पुस्तक.

तिने नीनाकडे बघितलं, पान उघडलं, बोट ठेवलं, पुन्हा नीनाकडे बघितलं. आजी. बरोबर. नीना आत गेली.

मग माझ्याकडे बघितलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. शेवटपर्यंत गेली. मग पहिल्यापासून पुन्हा, एकेक पान, ओठ हलवत. मी त्या उंबऱ्याबाहेर उभा होतो आणि तिच्या बोटाकडे बघत होतो. घर, खोली, आई, बाबा, आजी, मांजर. शेजाऱ्यांचं मांजर होतं.

'तू माझ्या बुकमध्ये नाहीस,' ती इंग्रजीत म्हणाली.

आतून अपूर्व आला. लाल झाला होता. बाबा, मी सांगणार होतो. आणि मग दारातच सगळं बाहेर पडलं. पत्र त्याने दिलंच नव्हतं. पुन्हा मुलाखत झाली असती आणि मी पुन्हा काही बोललो असतो, ह्या भीतीने. पॅनलला त्याने लिहून दिलं होतं की आजोबा सध्या लांब राहतील, मुलीच्या रोजच्या आयुष्यात नसतील. त्यावर मंजुरी मिळाली होती. म्हणून पुस्तकात मी नाही. नीनाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मी हात वर केला, राहू दे म्हणून. रागवायला हवं होतं, पण राग शोधून सापडेना. त्याने बरोबरच केलं. मी त्याच्या जागी असतो तर त्या पत्राचा मीही भरवसा धरला नसता. त्याला त्याची मुलगी हवी होती आणि मध्ये मी होतो.

पुण्याच्या पुस्तकात मी नव्हतो, ह्याही पुस्तकात नव्हतो. आणि ती साडेतीन हात उंचीचीही नसलेली पोर मला तपासत होती. मी दहा मिनिटं भाषण करणारा माणूस. सांगायला काय होतं माझ्याकडे? माझं नाव, माझ्या बापाचं नाव, मी दोन तास पाहिलेल्या एका गावाचं नाव. ह्यातलं काहीही तिच्या कामाचं नव्हतं. जिचं मागचं सगळं कुणी ना कुणी काढून घेतलंय, अशी ती त्या दारात इतकी ठाम उभी होती की मला तिच्याकडे नीट बघवेना. देवळात गाभाऱ्यासमोर मला असं कधी झालं नाही, आणि कुलदैवतासमोरही झालं नव्हतं.

मी म्हणालो, 'नाही. मी कुठल्याच बुकमध्ये नाही. आत येऊ का?'

चैत्रालीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नीनाने तिच्या दंडाला हात लावला. जेमाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. टाय, कोट, पँट. मग नजर माझ्या पायांवर थांबली आणि आठी आणखी गडद झाली.

'ह्या घरात शूज काढतात,' ती म्हणाली. 'आधी शूज काढ.'

ह्या घरात येऊन तिला अठरा दिवस झाले होते.

मी तिथेच पायरीवर बसलो आणि लेस सोडायला लागलो. गुडघा वाकत नव्हता, डोळ्यात पाणी येऊन गाठ दिसत नव्हती. मला वेळ लागत होता. ती पुस्तक काखेत मारून, दुसऱ्या हाताने दार उघडं धरून उभी राहिली.